पंखा पाव वेढा फिरायचा आणि थांबायचा

माझ्या जुन्या डेस्कटॉपवर एक हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, जे नव्या विंडोजवर चालायला तयार नाही. तेवढ्यासाठीच तो सांभाळून ठेवलाय. एके दिवशी सकाळी बटण दाबलं, तर मागचा पंखा जेमतेम पाव वेढा फिरला आणि गप्प झाला. परत दाबलं, तर तेवढंही नाही.

सॉकेट बदलून पाहिलं, मॉनिटरची कॉर्ड काढून याला लावली, एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचा स्विच बघितला. सगळं ठीक. मग बहुतेक जण काढतात तोच निष्कर्ष मीही काढला: एसएमपीएस गेला.

नवा आणायच्या आधी म्हटलं, हा तपासून तरी बघू. कॉर्ड काढून ठेवली आणि मदरबोर्डवरचा २४ पिनांचा रुंद कनेक्टर उपसला. त्यात हिरवी तार एकच असते. ती कुठल्याही काळ्या तारेशी जोडली की एसएमपीएस सुरू होतो. एरवी हेच काम मदरबोर्ड करतो. पेपरक्लिप वाकवून त्या दोन भोकांत बसवली, थोडा भार असावा म्हणून एक जुनी हार्डडिस्क जोडली आणि मग कॉर्ड लावली. पंखा भरभर फिरायला लागला! मल्टिमीटरवर पिवळी तार १२.१ व्होल्ट, लाल ५ च्या किंचित वर, नारिंगी ३.३. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे हे आकडे उत्तमच. (एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका. कॉर्ड काढल्यावरही त्यातल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो.)

इथे मी चुकलो. एसएमपीएस निर्दोष म्हटल्यावर मला सुचेल ते करत सुटलो. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या. टॉर्च घेऊन मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची डोकी फुगलीत का ते पाहिलं, सगळी सपाट. तिथलाच बटणसेल २.६ व्होल्टवर आला होता, तोही बदलला. खरं तर सेल उतरला की घड्याळ आणि सेटिंग्ज विसरली जातात, मशीन सहसा बंद पडत नाही. हे माहीत असूनही बदलला. हात रिकामे ठेवणं जमत नव्हतं, दुसरं काय!

आणि या सगळ्यात जी खूण पहिल्या मिनिटापासून समोर होती, तिच्याकडे लक्षच नव्हतं. पंखा पहिल्यांदाच हलायचा, दुसऱ्यांदा नाही. कॉर्ड काढून मिनिटभर थांबलं की परत एकदाच. एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट जाणवला की तो स्वतःला असाच कुलूप लावून घेतो, आणि वीज पूर्ण तोडल्याशिवाय ते कुलूप बऱ्याचदा निघत नाही. म्हणजे तो बिचारा आपलं काम चोख करत होता.

मग शॉर्ट शोधायला घेतला. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, रॅम, सगळं काढलं. उरला मदरबोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा. तरी तेच, पाव वेढा. आता बोर्डच गेला असं धरून चाललो. पण बोर्डाखाली एखादा स्क्रू पडलेला असू शकतो, म्हणून तारांचे फोटो काढून बोर्ड बाहेर घेतला, पुठ्ठ्यावर ठेवला आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या.

पंखा फिरला, आणि फिरतच राहिला. रॅम नव्हती म्हणून छोटा स्पीकर बीप-बीप करत होता. इतका कर्कश आवाज इतका गोड कधी वाटला नव्हता.

खाली स्क्रू वगैरे काही सापडला नाही. बोर्ड परत कॅबिनेटमध्ये बसवला, तरी चालू. राहिल्या पुढच्या पॅनेलच्या तारा. ‘त्या काय, नुसत्या तारा’ म्हणून मी त्या आतापर्यंत काढल्याच नव्हत्या. आता एकेक जोडत गेलो, प्रत्येक वेळी आधी कॉर्ड काढून. बटणाची तार: चालू. दिव्यांची: चालू. ऑडिओ: चालू. यूएसबीची जोडली आणि पाव वेढा!

पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारला. आत प्लास्टिकची जीभ असते, तीच नव्हती. तिच्यावरच्या चार पितळी पट्ट्या आधार गेल्यामुळे वाकड्या झाल्या होत्या आणि कडेची एक थेट धातूच्या चौकटीला टेकली होती. ती नेमकी ५ व्होल्टची. चौकट म्हणजे ग्राउंड. शॉर्ट इथेच होता.

ती तार कायमची काढून ठेवली, पोर्टवर चिकटपट्टी लावली. मशीन सुरू झालं, सेल बदलल्यामुळे तारीख तेवढी कित्येक वर्षं मागची दाखवत होतं. मग आठवलं, आदल्या रात्री पेनड्राइव्ह अडकला होता आणि मी तो तिरका करून ओढला होता. ड्रॉवरमधून काढून पाहिला. पांढरी जीभ त्याच्याच तोंडात होती.