‘रंगीत प्रत जोडावी’ : एकरंगी चित्रांचं प्रदर्शन लावताना आलेला माझा अनुभव

ज्यांना सार्वजनिक कलादालनात फक्त काळ्या रंगातली, किंवा कुठल्याही एकाच रंगातली चित्रं लावायची आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण अर्जातल्या एका ओळीपायी माझा जवळजवळ अख्खा पावसाळा गेला आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही. ती ओळ अशी: ‘कलाकृतींची रंगीत छायाचित्रे (अनिवार्य)’. कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही.

आधी चित्रांबद्दल सांगते, म्हणजे मी अडून का बसले ते कळेल. मी बीड जिल्ह्यात शाळेत चित्रकला शिकवते. दसरा-दिवाळी झाली की आमचे वर्ग अर्धे होतात, कारण आईबाप ऊस तोडायला कारखान्यावर जातात आणि पोरंही गाड्यात बसतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, एक दिवस खाडा झाला की दंड. त्यात पाळी आली, अंगावरून गेलं, पोटात दुखलं तरी उसाच्या फडात उभं राहायचंच. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली तर त्यात 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, कित्येकींची तर ऐन तरुण वयात. हा आकडा पेपरात आला, टीव्हीवर आला, चार दिवस सगळे बोलले. बायका मात्र बोलल्या नाहीत. पालकसभेला आलेली आई ‘आपरेशन झालंय’ एवढंच म्हणते आणि पुढं गप्प, कारण बाजूला जाऊ बसलेली असते, पलीकडे मुकादमाची भावजय असते. एक जण मला म्हणाली, ‘काढा की चित्र बाई, पण म्या दिसाया नको त्यात.’

या एका वाक्यावर मी सगळी मालिका बांधली. माणूस दिसायला नको आणि दुःख तर दिसायला हवं, आता हे रंगात कसं करणार? फडावरची माझी स्केचेस रंगीत होती, पोपटी साडी, लाल पोलकं, पिवळी ओढणी, आणि ती ज्याला दाखवावी तो म्हणायचा ‘वा, काय गावाकडचं वातावरण आलंय!’ साडी रंगवली की नजर साडीवर थांबते, तिच्या आतल्या बाईपर्यंत पोचतच नाही. म्हणून वूडकट घेतला. लाकडावर उलटं चित्र काढायचं, जिथं पांढरं हवं तिथलं लाकूड गाऊजने, म्हणजे कोरायच्या छिन्नीने, कोरून काढायचं, उरलेल्या भागावर रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. प्रेस लागत नाही, माझ्याकडे नाहीच. यात करडा रंग नसतो, करडं हवं असेल तर रेघा जवळजवळ कोरून तो भास करावा लागतो. आणि जे कोरलं नाही ते सगळं काळं येतं. चेहऱ्याचा बराचसा भाग मी कोरलाच नाही. कपाळाची एक कड, नाकाचा शेंडा आणि कोयता धरलेल्या बोटांची पेरं, बाकी सगळं अंधारात. बाई ओळखू येत नाही, पण तिच्या बोटांवर ताण किती आहे ते दिसतं.

ही वाट मी काढलेली नाही. जर्मनीची चित्रकार केथे कोलवित्झ हिचा मुलगा ऑक्टोबर 1914 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच मारला गेला, आणि युद्धावरची तिची सात वूडकट्स बाहेर यायला 1923 उजाडलं, सगळी काळ्या-पांढऱ्यात. त्यातलं आई-बापाचं चित्र बघा, दोघं एकमेकांत इतके घट्ट वाकलेले की मिळून एकच काळा ढीग झालाय. आपल्याकडे चित्रकार चित्तप्रसादने बंगालच्या 1943 च्या दुष्काळात तिथला मिदनापूर जिल्हा पायी तुडवून काळ्या शाईत भुकेली माणसं काढली, त्यांची पुस्तिका निघाली ती ब्रिटिशांनी जप्त करून नष्ट केली. हा माणूस नंतर मुंबईत अंधेरीला राहायचा, तिथं त्याने लिनोकट (लाकडाऐवजी लिनोलियमवर कोरून काढलेले ठसे) केले, राबणाऱ्या पोरांचे केले. आमच्या पोरांना हे पाठ्यपुस्तकात भेटत नाही म्हणून मीच वर्गात सांगते.

कोरणं, छापणं यावर जास्त लिहीत नाही, ते हाताने होत गेलं. आता अर्ज.

फाईल दिली, आवक नंबर पडला, पोच घेतली. काही दिवसांनी त्रुटीपत्र आलं, ‘रंगीत प्रत जोडावी’. मला वाटलं कुठलं तरी एखादं पान राहिलं असेल म्हणून गेले तर टेबलवरचे साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही झेरॉक्स लावल्यात, कलर काढून आणा.’ म्हटलं सर, हे कलर फोटोच आहेत, चांगल्या लॅबमधून काढलेत, चित्रच काळं आहे. ‘मग कलर कुठंय?’ आणि त्यांनी समजावून सांगावं म्हणून दुसऱ्या कुणाची तरी फाईल उघडून दाखवली, त्यात घोडे, घाट, गणपती, सगळं झळझळीत. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, ते मनापासून मदतच करत होते, आणि त्यामुळेच मला जास्त त्रास झाला, कारण भांडायला समोर कुणी नव्हतं. होती ती फक्त एक छापील ओळ, आणि त्या ओळीत काळा हा रंगच धरलेला नव्हता.

मग मी फोटो पुन्हा काढले, या वेळी चित्राच्या कडेला लाल-पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचं कार्ड ठेवून, फोटोग्राफर लोक ठेवतात तसं, म्हणजे फोटो रंगीत आहे याला पुरावा. ते परत आलं, कारण दुसरा नियम असा की छायाचित्रात कलाकृतीशिवाय दुसरं काही दिसता कामा नये. एका नियमाने रंग मागायचा आणि दुसऱ्याने तो पुसायचा, यात माणसाने करायचं काय?

त्यानंतर नवीनच निघालं. ‘तुम्ही प्रिंट लिहिलंय, प्रिंट चालत नाही, ओरिजिनल लागतं.’ हा नियम का आला ते मला समजतं, लोक नेटवरचं चित्र कॅनव्हासवर डिजिटल छापून आणतात आणि स्वतःचं म्हणून टांगतात, ते थांबवायलाच हवं. पण वूडकटचा प्रत्येक ठसा ओरिजिनलच असतो, खाली पेन्सिलने 2/8 लिहिलेलं असतं म्हणजे आठांपैकी दुसरा, शेजारी शीर्षक आणि सही. हे मी उभ्याने सांगत होते, मागे रांग होती, आणि ‘लेखी द्या’ एवढंच उत्तर मिळालं. लेखी दिलं. ते वरिष्ठांकडे गेलं, वरिष्ठ रजेवर. रजा संपली तर मीटिंग. मीटिंग संपली तर फाईल दुसऱ्या टेबलला.

आणि सगळ्यात जिव्हारी लागलं ते याच काळातलं. निवडीशी संबंधित एक जाणते गृहस्थ, चित्रकलेतले, त्यांनी फोटो चाळले आणि आपुलकीने म्हणाले, ‘काम चांगलंय, पण फार उदास झालंय, एखाद्या चित्रात कुंकवाचा तरी लाल टाका, उठाव येईल आणि तुमचा तो रंगीतचा प्रश्नही मिटेल.’ मी तिथं शांत राहिले, इथं सांगते. त्या बायकांचं कुंकू रंगवून मी बघणाऱ्याला बरं वाटायची सोय करून देऊ का? एक लाल ठिपका पडला की पुढचा प्रत्येक माणूस त्याच ठिपक्याबद्दल बोलेल, सौभाग्य म्हणेल, रक्त म्हणेल, अर्थ लावून मोकळा होईल आणि पुढच्या चित्राकडे जाईल. काळ्यात ती सुटका नाही. काळ्यासमोर उभं राहिलं की डोळ्याला आधी काही सापडत नाही, मग हळूहळू एक कोपर दिसतं, पदराची कड दिसते, पोटावर दाबून धरलेला हात दिसतो, आणि तेवढा वेळ तरी माणूस त्या बाईजवळ थांबलेला असतो. मला तो थांबलेला वेळ हवा होता. स्पेनमधल्या गेर्निका गावावर 26 एप्रिल 1937 ला बॉम्ब पडले, पिकासो पॅरिसमध्ये होता, त्याच्यापर्यंत ते पेपरातून आणि पेपरातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंतून पोचलं, आणि त्याने साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब कॅनव्हास काळ्या, पांढऱ्या, करड्यात रंगवला. तिथं रक्ताचा एक लाल थेंब नाही आणि तरी मेलेलं मूल घेऊन किंचाळणारी आई विसरता येत नाही. त्या कॅनव्हासलाही या अर्जात ‘रंगीत प्रत जोडावी’ असंच पत्र गेलं असतं, हे मी रागाने नाही, खरंच विचार करून लिहितेय.

घाई मला हौसेची नव्हती. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी प्रदर्शन व्हायला हवं होतं. एकदा बायका कारखान्यावर गेल्या की उन्हाळ्यापर्यंत परत येत नाहीत, मग ती चित्रं कुणाला दाखवायची, शहरातल्या लोकांनाच?

शेवटी सुटलं ते ब्लॉकमुळे. त्यांना कागद पटत नाही ना, मग लाकूडच दाखवू, म्हणून दोन फुटी पाईनचा कोरलेला ब्लॉक जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीने घेऊन गेले आणि थेट वरिष्ठांच्या टेबलवर उघडून ठेवला, शेजारी त्याचाच ठसा. त्यांनी ब्लॉकवरून बोट फिरवलं, कोरलेल्या खाचेत नख घातलं, मग ठशावरची तीच रेघ शोधली. ब्लॉकवर बाई डाव्या हाताने कोयता धरते, ठशात उजव्या. हे त्यांना दिसलं आणि ते एकदम खुर्चीतून पुढे झाले. ‘म्हणजे हे सगळं हाताने कोरलंय?’ बोटाला थोडी शाई लागली होती, ती त्यांनी रुमालाला पुसली आणि माझ्यादेखत फाईलवर शेरा मारला, ‘माध्यम काष्ठमुद्रा, एकरंगी, छायाचित्रे ग्राह्य धरावीत’. संपलं. इतके आठवडे जे कागदाने होत नव्हतं ते पाच-सात मिनिटांत झालं. बाहेर येऊन मी स्टँडवर चहा घेतला आणि हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू.

तर जमलं तर ब्लॉक, प्लेट, काय असेल ते पहिल्याच फेरीला सोबत न्या. आणि ‘एकरंगी’ हा शब्द माध्यमाच्या रकान्यात पहिल्याच दिवशी लिहा, नुसतं वूडकट किंवा चारकोल लिहून भागत नाही. प्रिंट हा शब्द एकटा कुठंही वापरू नका, ‘मूळ काष्ठमुद्रा, आवृत्ती 8’ असं लिहा.

अजून एक गोष्ट मध्येच राहिली. ‘चित्रातील व्यक्तींचे ना हरकत’ असाही कागद मागितला होता. त्या बायकांची नावं आणि सह्या सरकारी फाईलीत? ज्यांनी दिसाया नको म्हणून हात जोडले त्यांची? मी स्वच्छ नाही म्हटलं आणि साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र दिलं की चित्रं कुणा एका व्यक्तीची नाहीत, अनेकींच्या स्केचेसवरून जुळवलेल्या आकृती आहेत. ते चाललं. तुमचा विषय अत्याचाराचा, आजाराचा, जातीचा असेल तर हे आधीच करून ठेवा आणि नाव कुणाचंही देऊ नका, कितीही गोड बोलून मागितलं तरी.

काळाच पाहिजे असं काही नाही बरं का. पिकासोनेच 1901 मध्ये मित्राने आत्महत्या केल्यानंतर काही वर्षं जवळजवळ सगळं निळ्यात रंगवलं, पॅरिसच्या बायकांच्या तुरुंगात जाऊन तिथल्या बायका पाहिल्या आणि त्याही निळ्यातच आणल्या. बंगालचे चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांनी तर कागदाच्या लगद्यात पांढऱ्यावर पांढऱ्या जखमा उठवल्या. तसलं काम असेल तर फोटो समोरून काढू नका, प्रकाश एका बाजूने आडवा टाका, नाहीतर फाईलीत कोरा कागद दिसेल आणि पुन्हा त्रुटीपत्र येईल. काळी शाई मी ऑफसेटची वापरते, त्यात किंचित तपकिरी मिसळते, नुसता काळा थंड वाटतो. पावसाळ्यात ती लवकर सुकत नाही, ठसे एकमेकांवर ठेवू नका, दोरीवर चिमट्याने टांगा. कागद पातळ पण चिवट घ्या, मी नेपाळी घेते.

तारीख मिळाली ती टोळ्या निघायच्या जरा आधीची. बऱ्याच जणी आल्या, कडेवर पोरं घेऊन, चपला दाराबाहेर काढून, मी नको म्हणत असतानाही. एक जण एका ठशासमोर उभी राहून सोबतिणीला मोठ्याने सांगायला लागली की मलाबी असंच धरायचं, रातच्याला, कोपीत (फडावरच्या झोपडीत), आणि ऑपरेशनला किती पैसे गेले, ते उचलीत कसे धरले, सगळं. हॉलमध्ये पुरुष होते, मुकादमांपैकीही एक होता. ती थांबली नाही. तिच्या शेजारची सुरू झाली. मला त्या दुपारचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

अर्जाचा छापील नमुना बदला, ‘रंगीत छायाचित्रे’ऐवजी ‘मूळ कलाकृतीप्रमाणे छायाचित्रे’ करा, असं पत्र मी प्रदर्शन उतरवल्यावर त्याच कार्यालयात दिलंय. अजून उत्तर नाही, नवीन अर्जात तीच ओळ आहे. तुम्ही अर्ज कराल तेव्हा सोबत असंच एक पत्र जोडा आणि त्याची वेगळी पोच घ्या, एकाच्या पत्राने टेबल हलत नाही.