तोरणमाळ नकाशा: सातपुडा आधी पश्चिमेला, मग दक्षिणेला, आता कुठं जागेवर

सापडलं भो! तोरणमाळचा उंचीचा नकाशा पायथनमध्ये काढतोय. मागच्या वेळी -३२७६८ वाले खड्डे (जिथं उंचीची नोंदच नाही ते ठिपके) बुजवले तेव्हा वाटलं आता निस्ते कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढायचे राहिले, पण पुढचे तीन रविवार नकाशाच्या उभ्या-आडव्या अक्षांनीच खाल्ले. तीच आपली एन२१ई०७४ टाइल, म्हणजे अक्षांश २१ ते २२ आणि रेखांश ७४ ते ७५ मधल्या उंचींची फाइल, शहादा-नंदुरबारवाली, आणि सातपुडा बघतो तर पश्चिमेच्या कडेला उभा, जसा काय सह्याद्रीच.

एरर मात्र एकही नाही, डोकं तिथंच फिरलं. टाइल ३६०१ ओळी बाय ३६०१ रकाने, चौरस, त्यामुळे आडवं घाला नाहीतर उभं, मॅटप्लॉटलिब (पायथनची चित्रं काढायची लायब्ररी) गपगुमान काढून देतं. वैतागून वरच्या फक्त १२०० ओळी कापून घेतल्या आणि लगेच बोंबललं, शेप जुळत नाही म्हणून. एरर बघून एवढा आनंद कधी झाला नव्हता! मेशग्रिडला, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचे अक्षांश-रेखांश मांडणाऱ्या फंक्शनला, मीच कधीतरी आयजे इंडेक्सिंग देऊन विसरलो होतो, त्यानं ओळी-रकाने अदलाबदल होतात. ते काढलं, सातपुडा आडवा झाला, चहा पिऊन आलो.

तेवढ्यात आबांनी स्क्रीन बघितली. "तोरणमाळ आपल्या खाली कधी गेलं रे? तिकडं दक्षिणेला तर साक्री." झालं! फाइलची पहिली ओळ उत्तरेची असते आणि माझा अक्षांश २१ पासून वर चढत होता, म्हणून सगळं पालथं. आणि इमशो (टाइल थेट चित्रासारखी दाखवणारं फंक्शन) पहिली ओळ आपोआप वर ठेवतं, म्हणून ते चित्र सुरुवातीपासून बरोबर दिसायचं आणि मी संशय घेत बसलो कंटूरवर. अक्षांश २२ ते २१ असा उतरता दिला, बस. डेटा फ्लिप करू नका, नंतर आपणच विसरतो कितीदा फ्लिप केला ते.

आता सरफेस, म्हणजे डोंगराचं थ्रीडी चित्र. त्याच्यात तोरणमाळचा यशवंत तलाव गायब, तिथली सीताखाई दरी पण सपाट, कारण प्लॉट सरफेस मुळात दोन्ही बाजूंनी ५०-५० च नमुने घेतं, म्हणजे सव्वादोन किलोमीटरला एक ठिपका. आरकाउंट-सीकाउंट, म्हणजे ओळी-रकान्यांतल्या या नमुन्यांचे आकडे, वाढवले तर लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा वाजतो. थ्रीडीसाठी मॅटप्लॉटलिब म्हणजे बैलगाडी आहे, माझं मत.

पुढं जळगाव जिल्ह्यातल्या पाल गावापर्यंत टाइली जोडायच्या होत्या, पण थांबा, लिहिता लिहिता सुचलं, तोरणमाळभोवतीचा अक्षांश २१.८ ते २१.९५ एवढाच तुकडा घेतला तर ५४० ओळीच होतात, मग पूर्ण बारकाईनं निघेल. पाल राहू द्या. आधी पूर्ण टाइलच्या कंटूरवर प्रकाशा, शहादा, तोरणमाळ असे तीन ठिपके टाकतो, ते जागेवर पडले तरच पंखा तापवायचा.