दुसऱ्या प्रश्नाची तयारी

मुलाखतीला जाण्यापूर्वी ‘स्वतःविषयी थोडे सांगा’ या प्रश्नाचे उत्तर आपण सगळेच घोकून ठेवतो, आणि मीही ते ठेवले होते. नोकरी शोधत असतानाच्या सुरुवातीच्या एका मुलाखतीत ते मी न अडखळता म्हणूनही दाखवले. त्यानंतर समोरच्या बाईंनी माझ्या बायोडेटातील एका ओळीवर पेनाचे टोक टेकवले आणि शांतपणे विचारले, “तक्रारी ३० टक्क्यांनी कमी झाल्या, असे लिहिले आहे. तुम्ही त्या मोजत कशा होतात?” काम खरे होते, मी ते केलेही होते, पण आकडा विभागाच्या अहवालातून उचललेला होता आणि तो कसा काढला हे मी कधी विचारलेच नव्हते. पुढची वीस मिनिटे त्या सौजन्याने बोलत राहिल्या, पण माझ्या प्रत्येक उत्तरावरचा त्यांचा विश्वास उडाला आहे, हे मला स्पष्ट जाणवत होते.

तेव्हापासून मी दुसऱ्या प्रश्नाची तयारी करते. बायोडेटा मोठ्या अंतराने छापून घ्यायचा आणि प्रत्येक ओळीखाली हाताने लिहायचे: हे काम का निघाले, त्यात माझा वाटा कोणता, कुठे चुकले आणि आकडा आला कुठून. ज्या ओळीखाली तीन वाक्येही लिहिता येत नाहीत, ती ओळ कितीही भारदस्त दिसली तरी मी खोडते. मग जाहिरात शेजारी ठेवून तिच्यातील प्रत्येक अपेक्षेसमोर स्वतःच्या कामातला एक प्रसंग लिहिते. याला एक संपूर्ण संध्याकाळ लागते, आणि ती द्यायलाच हवी.

या मेहनतीला आधार आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली कर्मचारी निवडीवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतींचा पुढील कामगिरीशी असलेला संबंध त्यांना ०.५१ इतका आढळला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध), तर मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतींचा ०.३८. ‘अशी वेळ तुमच्यावर कधी आली होती, तेव्हा तुम्ही काय केलेत?’ हा अशा आखीव मुलाखतींतला नेहमीचा प्रश्न, आणि तिथे विशेषणे कामी येत नाहीत, घडलेला प्रसंगच लागतो.

वेळेआधी दहा मिनिटे पोहोचणे, नीटनेटके कपडे, ऑनलाइन मुलाखत असेल तर आदल्या दिवशी माइक तपासणे, हे करावेच. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

पुढे मी स्वतः उमेदवारांच्या मुलाखती घेऊ लागले, तेव्हा चांगली छाप म्हणजे काय हे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले. एका मुलाने प्रश्न पूर्ण ऐकून घेतला, कागद मागितला, चार चौकोन काढून त्यांतला एक पेनाने गडद केला आणि म्हणाला, “एवढा भाग माझा होता, बाकीचे सहकाऱ्यांनी केले.” पुढच्या एका प्रश्नाला त्याने सरळ ‘मला हे माहीत नाही’ असे सांगितले, आणि ते आम्हाला खटकले नाही, कारण जे त्याला ठाऊक होते ते त्याने आधीच नेमके दाखवले होते. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटल्यावर त्याने पहिल्या तीन महिन्यांत या जागेवरच्या माणसाने कोणते काम पूर्ण केलेले आम्हाला हवे आहे, असे विचारले, आणि उत्तर देण्यापूर्वी आम्हा तिघांना एकमेकांकडे पाहावे लागले.