बंदोबस्तालाही फॉर्मेशन लागते

कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर प्रत्येक जण कोच असतो. "स्टॉपर (मधला बचावपटू) वर आलाय, त्याच्या मागं टाक रं!" हे ओरडणारा भाजीवाला असतो, वकील असतो, आठवीतलं पोरगंही असतं. आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. तालमींच्या, म्हणजे पेठापेठांतल्या संघांच्या, फुटबॉलवर वाढलेल्या माणसाला खेळ कळतोच. म्हणूनच आपल्याकडच्या हुल्लडबाजीचं मला जास्त वाईट वाटतं.

परवाच्या सामन्याचं बोलतो. संघांची नावं लिहीत नाही, लिहिली की बोलणं पेठांवर घसरतं. एक गोलनं मागं असलेल्या संघाच्या कोचनं हाफटाइमनंतर लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावपटूला, वर सोडलं. समोरच्या राइट विंगरच्या, म्हणजे उजव्या कडेनं चढाई करणाऱ्याच्या, पोटऱ्यांत गोळे यायला लागले होते, तो मागं येतच नव्हता. त्यामुळे त्यांच्या राइट बॅकवर दर वेळी दोघं चालून जायचे. कॉर्नरवर कॉर्नर मिळत होते. गोल आता होतोय की मग, एवढाच प्रश्न होता.

तेवढ्यात एका थ्रो-इनवरून गॅलरीतून पाण्याची बाटली आली. मग दुसरी. रेफ्रीनं खेळ थांबवला. बाटल्या टाकणारे कोण? मागं पडलेल्या संघाचेच समर्थक! त्या थांबलेल्या वेळात समोरच्या कोचनं विंगरला बाहेर काढून एक जादा बॅक आत घेतला, दमलेल्या पोरांना पाणी पाजलं, ओरडून ओरडून जागा समजावल्या. खेळ सुरू झाला तेव्हा ती बाजू बंद झाली होती. आपल्याच पोरांनी रचलेला डाव आपल्याच गॅलरीनं मोडला, आणि सामना संपल्यावर शिव्या मात्र रेफ्रीला.

पण मला बंदोबस्ताबद्दलही बोलायचंय. कुणी कुठं उभं राहायचं ही फॉर्मेशन त्यालाही लागते. बाटल्या पडल्याबरोबर मैदानाकडेचे जवळजवळ सगळे पोलीस त्या एका गॅलरीकडं धावले. गल्लीतली बारकी पोरं सगळीच्या सगळी बॉलमागं पळतात, तसं. दुसऱ्या बाजूचा जिना आणि गेट मोकळं पडलं. आमच्याजवळ एकच वयस्क हवालदार थांबले. काठी काखेत धरून ते नुसतं म्हणत होते, "बसा, बसा, मागच्यांना दिसू द्या." माणसं बसली. बसलेली गर्दी पळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मला त्या दिवशीचा सगळ्यात चांगला डिफेंडर तोच वाटला.

गर्दी कुठं आणि कधी तापणार हे खेळ बघणाऱ्याला आधी कळतं. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल खेळत होते. मोहन बागानचा लेफ्ट विंगर विदेश बोस आणि ईस्ट बंगालचा राइट बॅक दिलीप पालित यांची जुंपली, दोघांनाही रेड कार्ड मिळालं. मैदानावरचं भांडण गॅलरीत पोचलं. दोन्हीकडचे समर्थक एकाच गॅलरीत मिसळून बसलेले. १६ जण गेले. समर्थकांना वेगळं बसवणं ही किती साधी गोष्ट!

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ ला तर दंगलही नव्हती. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची सेमीफायनल. बंदोबस्ताची सूत्रं असलेल्या अधिकाऱ्याला ती जबाबदारी मिळून तीन आठवडेही झाले नव्हते. बाहेर गर्दी दाटली म्हणून मोठं गेट उघडलं, पण आधीच भरलेल्या मधल्या भागाकडं जाणारा बोगदा बंद केला नाही. पुढं लोखंडी जाळी. ९७ माणसं चेंगरून गेली. पोलिसांनी दोष समर्थकांवर ढकलला आणि समर्थकांचा दोष नव्हता असा ज्युरीचा निर्वाळा यायला २०१६ उजाडलं.

स्टेडियममध्ये अश्रुधूर वापरू नये, असा फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा नियम आहे. तरी २०२२ मध्ये इंडोनेशियात मलंगजवळ तो गॅलरीत सोडला गेला, माणसं अरुंद दारांकडं पळाली आणि १३५ मेली.

म्हणून सामन्याआधी संयोजक, दोन्ही तालमींचे जाणते कार्यकर्ते आणि बंदोबस्ताचे अधिकारी यांनी अर्धा तास एकत्र बसावं. कुठल्या गॅलरीत कोण, कुठलं गेट कुणाकडं, सामना बरोबरीत सुटून टायब्रेकर झाला तर कुणी कुठं थांबायचं, हे तिथंच ठरावं. गेटवरच्या माणसानं काहीही झालं तरी गेट सोडायचं नाही. सामना संपल्यावर हरलेल्यांची गॅलरी आधी मोकळी करावी, जिंकलेल्यांना मैदानात दहा-पंधरा मिनिटं नाचू द्यावं. दोघं एकाच वेळी रस्त्यावर आले नाहीत तर निम्मी भांडणं होतच नाहीत. आणि बाटली फेकणारा हात आपल्या शेजारच्याचा असेल तर तो आपणच धरायचा, पोलीस येईपर्यंत थांबायचं नाही.