आयडियापासून चालणाऱ्या धंद्यापर्यंत : माझा अनुभव

माझी आयडिया साधी होती. वर्कशॉपमध्ये टूल चालवायला हवा दाबून देणारं मशीन, म्हणजे कॉम्प्रेसर असतो, त्याची हवा पाइपच्या जॉइंटमधून, होजमधून, कपलिंगमधून सारखी गळत असते, ती गळती शोधायची आणि बंद करून द्यायची. मेंटेनन्समध्ये काम केलंय त्यामुळे तो फुसफुस आवाज माझ्या चांगला ओळखीचा. देखभाल नीट नसेल तर कॉम्प्रेसरने बनवलेल्या हवेतली २० ते ३० टक्के हवा अशीच निघून जाते, म्हणजे तेवढी वीज वाया. ज्याला सांगावं तो म्हणायचा, भारी आहे, कर सुरू. पण भारी आहे म्हणणारा पैसे देईलच असं काही नसतं. पैसे नेमके कोण देणार, कशाचे देणार आणि एकदा देणार की परत परत, हे शोधण्यातच खरा वेळ गेला आणि आयडिया घेऊन तिथेच थांबलेले बरेच जण भेटतात म्हणून हे लिहितेय.

सुरुवात केली ती अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांच्या बिझनेस मॉडेल कॅनव्हासपासून. एकच पान, ९ चौकटी, ग्राहक कोण, त्याला काय मिळणार, त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, पैसा कुठून येणार, खर्च कशावर होणार वगैरे. लिहिलेली प्रत्येक ओळ पेन्सिलने लिहिली, कारण ते सगळे अंदाजच होते आणि एकेक अंदाज बाहेर जाऊन तपासायचा होता.

मग लोकांशी बोलायला लागले. "माझी सर्व्हिस घ्याल का" असं विचारायचं नाही हे ठरवलेलं, कारण समोरचा भिडेखातर हो म्हणतो. त्याऐवजी विचारायचे, मागच्या वेळी हवेचं प्रेशर कमी पडलं तेव्हा काय केलंत, कोणाला बोलावलं, काम किती वेळ बंद राहिलं. यातून जे कळलं ते घरी बसून कधीच कळलं नसतं. काही ठिकाणी विजेचं बिल जागेच्या भाड्यातच धरलेलं, त्यांना बचतीशी काही देणंघेणंच नाही. काही ठिकाणी कॉम्प्रेसर इतका छोटा की वाचून वाचणार किती. आणि जिथे मीटर स्वतःचा, काम दोन शिफ्टमध्ये, तिथे मालकाला बिलाची काळजी होतीच पण प्रेशर पडून मशीन थांबतं याची त्याहून जास्त होती! म्हणजे मी वीज वाचवून देते म्हणत होते आणि गिऱ्हाइकाला हवं होतं काम न थांबणं. ग्राहकाची चौकट तिथे एकदम लहान झाली आणि मला तेच हवं होतं, सगळ्यांना विकायला निघालं की कोणालाच धड विकता येत नाही.

सगळ्यात जास्त डोकं उत्पन्नाच्या चौकटीने खाल्लं. एकदाच तपासणी करून फी घ्यायची तर दर महिन्याला नवीन गिऱ्हाईक शोधत फिरायचं. बचतीतला हिस्सा घ्यायचा तर ऐकायला छान, पण बिल कमी झालं ते गळती थांबली म्हणून की ऑर्डर कमी होत्या म्हणून, यावर दरवेळी वाद. त्या काळात झेरॉक्सच्या ९१४ मशीनबद्दल वाचलं. १९५९ साली ते आलं तेव्हा विकत घ्यायला फार महाग, म्हणून कंपनीने ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिलं, त्यात २००० कॉपी धरलेल्या, पुढच्या प्रत्येक कॉपीला ४ सेंट. मशीन तेच, पैसे घ्यायची पद्धत बदलली आणि ऑफिसांना ते परवडायला लागलं. माझ्याकडे तर गळती परत परत होणारीच होती, जॉइंट ढिले होतात, होज चिरतात. म्हणून महिन्याचा करार, ठरलेली फेरी, ठरलेले पैसे.

करून बघायला अल्ट्रासोनिक डिटेक्टर, म्हणजे गळतीचा कानाला न ऐकू येणारा आवाज पकडणारं यंत्र, भाड्याने आणला, ओळखीतल्या काही वर्कशॉपना कमी दरात पण पैसे घेऊनच ट्रायल दिली. फुकट नाही, कारण पैसे देतो तोच खरं मत सांगतो. फुकट दिली ती फक्त एक टेस्ट. सगळी टूल बंद करायची, कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि घड्याळ लावायचं. ३ मिनिटं लोडवर (हवा भरतोय) आणि ७ मिनिटं अनलोड (हवा भरत नाही) अशी चक्रं पडली तर साधारण ३० टक्के क्षमता गळतीत जातेय. मालक स्वतःच्या हाताने हे बघतो, मला काही पटवून द्यावंच लागत नाही. माझं मार्केटिंग म्हणाल तर अजूनही हेच.

आता गणित, समजायला आकडे सोपे करून सांगते. समजा महिन्याचा पक्का खर्च ३००. एका ग्राहकाकडून महिन्याला २० येतात, त्याच्यावर प्रवास, सामान धरून ८ जातात, राहिले १२. म्हणजे २५ ग्राहक झाले की ना नफा ना तोटा. पण एका दिवशी जवळजवळची वर्कशॉप केली तर ८ चे ५ होतात, राहतात १५, आणि तोच आकडा २० ग्राहकांवर येतो. दर न वाढवता फक्त फेऱ्या नीट लावून! शिवाय दर महिन्याला ५ टक्के ग्राहक सुटत असतील तर एक ग्राहक सरासरी २० महिने टिकतो, तेव्हा तो मिळवायला किती खर्च करायचा यालाही मर्यादा पडते.

एक गोष्ट कॅनव्हासमध्ये ठळक दिसत नाही, ती म्हणजे पैसा येतो कधी. पगार महिन्याला द्यावा लागतो आणि ग्राहकाचं बिल ६० दिवसांनी निघालं तर कागदावर नफा असून हातात काही नाही. म्हणून तीन महिन्यांचे पैसे आधी घ्यायचे ठरवलं, त्या बदल्यात प्रेशर पडल्याचा फोन आला की जादा फेरी मोफत. काहींनी नाही म्हटलं, त्यांना सोडलं, मन घट्ट करून सोडलं.

सध्या दुसरा टेक्निशियन घ्यायचा विचार चाललाय. वरच्याच हिशोबात पक्का खर्च १२० ने वाढला तर नुसता तो भरून निघायला ८ ग्राहक जास्त लागतील आणि तेही एकाच भागात हवेत, नाहीतर एका ग्राहकामागे राहणाऱ्या १५ चे परत १२ व्हायचे आणि ८ ग्राहकांचे १०. म्हणून आधी त्या भागात टेस्ट करत फिरतेय, माणूस नंतर.