आदामाच्या उत्तरातले दोन आरोपी

झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा), रात्री

मना केलेलं फळ खाल्लंस का, असं देवाने विचारल्यावर आदामाने दिलेलं उत्तर नीट वाचलं तर त्यात एक नव्हे, दोन आरोपी आहेत. 'जी स्त्री तू मला सोबतीला दिलीस, तिने मला फळ दिलं आणि मी खाल्लं.' हव्वेकडे बोट दाखवता दाखवता त्याने देवालाही त्यात ओढलं. तू दिलीस म्हणून हे झालं! मग हव्वा सापाकडे बोट दाखवते.

बायबलमधल्या उत्पत्तीचा हा तिसरा अध्याय मी माहेरी, नगरच्या चर्चमध्ये, संडे स्कूलमध्ये असल्यापासून ऐकत आले. तेव्हा सगळं लक्ष फळाकडे आणि सापाकडे असायचं. आता मला त्यातला देवाचा पहिला प्रश्न सोडत नाही. 'हे कोणी केलं?' असं तो विचारत नाही. 'तू कुठे आहेस?' असं विचारतो. झाडीत लपलेला आदाम बाहेर येतो खरा, पण येऊन बायकोच्या आड उभा राहतो. दोघांच्याही तोंडी 'मी खाल्लं' हे शब्द आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कबुली आहे, पण ती वाक्याच्या अगदी शेवटी, दुसऱ्याचं नाव घेऊन झाल्यावर.

लग्नानंतर मी गोव्यात, सासष्टीत आले आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कोंकणीत ऐकू लागले. फादर थॉमस स्टीफन्सने हीच आदाम-हव्वेची कथा मराठी ओव्यांमध्ये इथल्याच ख्रिस्ती लोकांसाठी रचली आणि 1616 साली ती राशोलला छापली गेली, हे कळलं तेव्हा या मातीशी माझं नातं एकदम जवळचं झालं. चारशे वर्षांपूर्वी या वाड्यांवरच्या लोकांनी ती आपल्या मराठीत ऐकली असेल. आणि ऐकून घरी गेल्यावर भावाभावांत पुन्हा तेच सुरू झालं असेल, तुझ्यामुळे, तिच्यामुळे.

हे मनात यायला कारण आमच्या रस्त्यावरचं ते बंद घर. पुढे बाल्कांव म्हणजे उघडी ओसरी, तिच्या दोन्ही बाजूंना बसायला सोपे म्हणजे बांधीव बाकं, आत मोठी साल म्हणजे दिवाणखाना, आणि मागच्या बाजूचं छप्पर गेल्या पावसात खाली आलेलं. आई गेली तेव्हापासून कुलूप. भावंडं पाच. एक इंग्लंडमध्ये स्विंडनला, एक आखातात, एक मुंबईत, दोघी बहिणी गोव्यातच. कोणाशीही बोला, प्रत्येकाकडे खरी वाटेल अशी हकिकत आहे. थोरला म्हणतो, मी पैसे पाठवत होतो, हिशोब कोणी दिला नाही. मधला म्हणतो, आईला शेवटी पाहिलं कोणी? मुंबईवाल्याला वाटतं की दोष कायद्याचा. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून इथे मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा, त्यामुळे एकाच्या हाती काही राहत नाही, असं त्याचं म्हणणं. मला तर हा कायदा फार न्यायाचा वाटतो. नगरकडे किती बहिणींना हक्कसोड लिहून देताना मी पाहिलंय! कायद्याने वाटा दिला. छपराची काळजी कायदा कशी देईल?

शेजारची आंटी त्या घराकडे बघून म्हणाली, "सगळे म्हणटात तो करतलो, आनी कोणूच करिना."

त्या पाचांपैकी कोणीही खोटं बोलत नाही. दोष देण्याची ताकद तिथेच असते. प्रत्येकाच्या तक्रारीत थोडं सत्य असतं, आणि त्या थोड्या सत्याच्या आडोशाला माणूस वर्षानुवर्षं राहू शकतो. मोशेच्या भावाचं, अहरोनाचं बघा. मोशे डोंगरावर असताना त्याने लोकांकडून सोनं घेतलं आणि हत्याराने घडवून पूजेसाठी वासरू केलं, असं निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय. मोशेने जाब विचारल्यावर तो काय सांगतो? हे लोक किती दुष्ट आहेत, तुला ठाऊकच आहे. त्यांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. लोकांनी हट्ट केला होता, हे खरंच आहे. हत्यार मात्र त्याच्या सांगण्यातून गळून गेलं. आमच्या रस्त्यावरच्या घराचंही 'छप्पर पडलं' असंच सगळे सांगतात, जणू ते आपोआप पडलं.

आज सकाळी झावळ्या हातात घेऊन मिरवणुकीने आत गेलो आणि पुढे येशूच्या दुःखसहनाचं वाचन झालं. दर वर्षी हे वाचन वाटून वाचतात. येशूचे शब्द पाद्री वाचतात, निवेदन कोणी तरी करतं, आणि जमावाचे शब्द आम्हा सगळ्यांना म्हणायचे असतात. 'खुर्सार मार ताका!' म्हणजे, त्याला क्रुसावर दे! माझ्या शेजारी एक चिमुरडी होती, तीसुद्धा मोठ्याने म्हणाली. चर्चने हे वाक्य आपल्याच तोंडी का ठेवलं असेल याचा मी दिवसभर विचार केला. ते दुसऱ्या कोणाच्या तोंडी ठेवणं किती सोपं होतं! आणि शतकानुशतकं ख्रिस्ती लोकांनी तेच केलं. येशूच्या मरणाचं खापर सगळ्या यहुदी लोकांच्या माथी मारलं आणि त्यावरून त्यांचे अनन्वित हाल केले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली स्पष्ट सांगितलं की तो दोष त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही. किती उशिरा! आपल्या गोव्यातही 1560 ते 1812 या काळात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) होतं. शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध सांगायचं, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला सांगणाऱ्याचं नावही कळायचं नाही. कबुलीचं मोल शिकवणाऱ्या धर्मानेच दुसऱ्याकडून कबुली उकळायची व्यवस्था उभी केली, हे लिहिताना मला आजही फार जड जातं. पण ते न लिहिता दोषाविषयी लिहिणं बरोबर होणार नाही.

येशूचा निवाडा करणारा रोमन सुभेदार पिलात सगळ्यांसमोर पाणी मागवून हात धुतो. त्याच्या हाती अधिकार होता, सैनिक होते. फटके मारायचा हुकूम त्याचाच, क्रुसावर द्यायला स्वाधीन करणाराही तोच. आणि म्हणतो काय, तुमचं तुम्ही बघा.

इथे एक गोष्ट स्वतःशी पक्की करून ठेवते, कारण चर्चच्या आवारात ती नेहमी उलटी सांगितली जाते. मार खाणाऱ्या बाईने नवऱ्याचं नाव घेतलं, किंवा मजुरी बुडालेल्या माणसाने मालकाचं नाव घेतलं, तर ते दोष देणं नव्हे. ते न्याय मागणं आहे. अशा वेळी 'आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघ' असं सांगणारे लोक येशूचे शब्द त्याच्याच इच्छेविरुद्ध वापरतात. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर 'तो माणूस तूच आहेस' म्हणाला, आणि ते देवाच्या आज्ञेने म्हणाला. दावीदाचं मोठेपण पुढच्या उत्तरात आहे. बथशेबाचं नाव नाही, राजेपणाची सबब नाही. 'मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे', एवढंच. आदामाच्या वाक्यात जे शेवटी आलं होतं, ते दावीदाच्या वाक्यात पहिलं आलं.

मिस्साच्या सुरुवातीला आपण छातीवर हात ठेवून कबुली देतो, त्यात विचाराने, शब्दाने, कृतीने केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्याचाही उल्लेख असतो. त्या घरातली धाकटी बहीण आज मिस्सानंतर भेटली. मडगावला राहते. तिच्या मनात हाच भाग रुतून बसलाय, असं तिनेच सांगितलं. पावसाआधी शाकारणी करून घ्यायची म्हणतेय, निदान उभ्या असलेल्या भागाची. एप्रिल संपला की कौलं चाळायला माणूस मिळत नाही, म्हणून घाई. पण त्याआधी चारही भावंडांना फोन करायचाय, आणि 'इतकी वर्षं तुम्ही काय केलं' हे न विचारता 'मी काही केलं नाही' इथून सुरुवात करायची आहे. स्विंडनच्या भावाशी आईच्या मर्तिकापासून बोलणं बंद आहे. तिने तोच फोन पहिला लावायचं ठरवलंय, उद्या दुपारी, तो कामावर जायच्या आधी. मी त्या वेळी तिच्यासाठी प्रार्थना करणार आहे.