काजव्यांच्या गावी न झोपलेली गाडी

आईला तंबूत झोपणे मान्य नव्हते, एवढ्या एकाच कारणाने आम्ही गाडीत रात्र काढण्याचा घाट घातला. एकाहत्तराव्या वर्षी जमिनीवरून उठताना तिचे गुडघे ऐकत नाहीत. आणि भंडारदऱ्याचे काजवे पाहायचे तर मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, मोठा पाऊस सुरू होण्याआधी, म्हणजे नेमके सारे पुणे, मुंबई आणि नाशिक तिकडे लोटते तेव्हाच जावे लागते. खोली मिळाली नाही. तेव्हा आई आणि नऊ वर्षांची नात गाडीत, आम्ही दोघे शेजारच्या तंबूत, अशी वाटणी ठरली. मागची आसने आडवी करून त्यावर गादी अंथरली की दोघींपुरती सपाट जागा होते, याची रंगीत तालीम आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांचे हसू झेलत करून घेतली होती.

आमची गाडी विजेवर चालते आणि तिचा मला थोडा जास्तच अभिमान आहे, हे आधीच कबूल करतो. तिची बॅटरी साडेचाळीस युनिटांची आहे. उभ्या गाडीत वातानुकूलन रात्रभर चालू ठेवायला इंजिन लागत नाही, त्यामुळे घरघर नाही आणि धूरही नाही. डिझेलच्या किंवा पेट्रोलच्या गाडीत इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. हे सारे मी नारायणगावपर्यंत आईला समजावून सांगत होतो. आळेफाट्यापासून पुढे तिनेच मला समजावायला सुरुवात केली, कारण महामार्गावरचे पहिले चार्जिंग केंद्र बंद निघाले होते आणि मी दर पाच मिनिटांनी टक्के मोजत होतो. संगमनेरजवळ दुसरे केंद्र मिळाले. तिथे तासभरात गाडी चव्वेचाळीसवरून नव्वद टक्क्यांवर आली. अकोले आणि राजूर मागे टाकून भंडारदऱ्याच्या शेंडी गावी पोहोचेपर्यंत चढामुळे त्यातले चोवीस टक्के गेले. रतनवाडीचे अमृतेश्वराचे कोरीव मंदिर आणि १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण यांवर मी काही लिहीत नाही. मंदिर गर्दीत पाहिले आणि जूनमध्ये तळाला गेलेले प्रवरेचे पाणी पाहून धरणाकडे कोणी फारसे वळले नाही.

मुक्काम जवळच्याच मुतखेल गावाच्या बाजूला एका घराच्या अंगणात होता. घरच्या मावशींनी तांदळाची भाकरी, पिठले आणि ठेचा असे जेवण वाढले आणि आईला आग्रह करकरून दुसरी भाकरी खायला लावली, ज्याबद्दल आई अजून त्यांचे नाव काढते. अंगणाच्या पलीकडे शेताचा बांध आणि बांधावर हिरड्याची आणि सादड्याची झाडे होती. अंधार दाटला तसे एकेका फांदीवर ठिपके लुकलुकू लागले आणि नऊच्या सुमारास ती झाडे एका तालावर उजळू आणि विझू लागली. नर काजवे मादीला खुणावण्यासाठी हा उजेड करतात, आणि म्हणून आसपास दुसरा उजेड असला की त्यांची खूण वाया जाते. मुलीला मी हे मोठ्या समजूतदारपणे सांगितले. शेजारच्या शेतात एका मंडळींनी गाणी लावली होती आणि एक डिझेल गाडी थंड हवेसाठी घुरघुरत उभी होती. तिच्याकडे पाहून मी बायकोला म्हणालो, ‘‘बघ, आपली कशी गप्प आहे.’’

दहा वाजता आई आणि मुलगी गाडीत निजल्या. वातानुकूलन चालू राहावे म्हणून गाडी चालू अवस्थेत ठेवावी लागते. आणि गाडी चालू असली की दिवसा पेटणारे पुढचे दिवे पेटतेच राहतात, ते बंद करण्याची कळ तिला दिलेलीच नाही, हे ज्ञान मला तेव्हा झाले. गाडीचे तोंड बांधाकडे होते. दोन पांढरेशुभ्र डोळे थेट हिरड्यावर रोखलेले, आणि त्या उजेडाच्या पट्ट्यात एकही काजवा दिसत नव्हता. बांधावर बसलेल्या अनोळखी माणसांतून आवाज आला, ‘‘ओ दादा, लाइट बंद करा की!’’ मी गाडी बंद केली. दिवे विझले, गार हवाही थांबली. पाचच मिनिटांत आतून काच वाजली आणि आई म्हणाली, ‘‘अरे, उकडून मारतोस का आम्हाला?’’ काच उघडावी तर डास आत येत होते. पुन्हा गाडी चालू केली, पुन्हा बांधावरून ओरडा झाला. गाडी वळवून उभी करावी म्हटले, तर वळवताना मोठे दिवे लागणार आणि मागून तंबूची दोरी अडणार.

त्यात चावीने हात धुवून घेतले. मी माफी मागायला बांधाकडे निघालो तो चावी खिशात घेऊनच, आणि दार लावताच आपली चावी कुठे गेली म्हणून गाडीने हॉर्नचे तीन कर्कश ठोके दिले. परत जवळ आलो तर मालक आले या आनंदात तिने चारही कोपऱ्यांचे दिवे लुकलुकवले. डिझेलवाल्या मंडळींपैकी कोणीतरी हसले. ते हसणे मला फार लागले, कारण त्यांची गाडी आवाज करत होती खरी, पण काजव्यांना तिचा काहीही उपद्रव नव्हता. एवढ्या गोंधळाने मावशी कंदील न घेताच बाहेर आल्या. त्यांनी गाडीकडे निरखून पाहिले आणि विचारले, ‘‘तुमची गाडी झोपत नाही का हो?’’

उपाय आईने काढला. तिने अंगावरची सोलापुरी चादर काढून काचेच्या फटीतून बाहेर सरकवली. मी चादरीची वरची कड बॉनेटमध्ये चिमटली, खालची जमिनीवर दगडांनी दाबली आणि जिथून उजेड झिरपत होता तिथे मावशींनी एक रिकामे पोते खोचले. आतल्या डॅशबोर्डच्या उजळ पडद्यावर मुलीचा फ्रॉक टाकला. हे करायला साडेअकरा वाजले. त्यानंतर वीसेक मिनिटांत, आधी खालच्या फांद्यांवर आणि मग वर शेंड्यापर्यंत, हिरडा पुन्हा लुकलुकू लागला. बांधावरची माणसे काही बोलली नाहीत. एका गृहस्थांनी मात्र मला बसायला आपल्या सतरंजीवर जागा दिली.

सकाळी बॅटरीत चोपन्न टक्के उरले होते. म्हणजे साऱ्या रात्रीत पाच युनिटेही गेली नव्हती आणि मी ज्याची धास्ती घेतली होती ती गोष्ट घडलीच नव्हती. परतल्यावर गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून ते दिवे बंद कसे करायचे, हे विचारले. तिकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितले की ते माझ्या सुरक्षिततेसाठी आहेत. आईने यावर काही मत दिले नाही. तिने ती चादर धुतली आणि तिच्या चारही कोपऱ्यांना नाड्या शिवून ठेवल्या.